दोष एकच, फेऱ्या तीन: फ्रिज आणि दुकानदाराची वाढीव वॉरंटी

प्रश्न : आमच्या दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा वरचा कप्पा थंड राहतो, पण खालचा कोमट होतो. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपली असून, खरेदीच्या वेळी दुकानदाराकडून पैसे भरून घेतलेली दोन वर्षांची वाढीव वॉरंटी चालू आहे. पहिल्या फेरीत मेकॅनिकने गॅस भरला आणि फ्रिज दहा-बारा दिवस नीट चालला. दुसऱ्या फेरीत त्याने फक्त तापमानाची कळ फिरवून दिली. तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही फ्रिज बंद करून, पुसून ठेवला होता. मेकॅनिकने तो चालू करून पाहिला आणि ‘दोष आढळला नाही’ असे लिहून तो निघून गेला. आठवड्याभरात पुन्हा तेच! आता दुकानदार म्हणतो की योजनेत गॅस एकदाच भरून मिळतो, पुढचे कंपनीला विचारा. कंपनी म्हणते की आमची मुदत संपली, दुकानदाराला विचारा. आम्ही काय करावे?

उत्तर : बंद ठेवून पुन्हा चालू केला की फ्रिज काही दिवस नीट चालतो, हे आपण लिहिले ते फार बरे केले, कारण दोषाचे मूळ बहुधा त्यातच दडलेले आहे. अशा बहुतेक फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड बसवलेली असते. तिच्यावरची थंड हवा पंखा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि तिचाच काही भाग एका वाटेने खालच्या कप्प्यात सोडतो. कॉइलवर साचणारे हिम ठरावीक काळाने वितळवण्यासाठी तिच्यालगत एक हीटर असतो. तो हीटर, त्याचा सेन्सर किंवा फ्यूज निकामी झाला, तर हिमाचा थर वाढत जाऊन हवेची वाट बुजते, आणि वरचा कप्पा थंड असतानाच खालचा कोमट होऊ लागतो. फ्रिज बराच वेळ बंद ठेवला की बर्फ वितळतो, वाट मोकळी होते आणि दोष नाहीसा झाल्यासारखे वाटते. पंखा किंवा हवेची झडप बिघडल्यानेही खालचा कप्पा कोमट होतो, त्यामुळे फ्रिज न पाहता मी निर्वाळा देणार नाही. परंतु मागचे पॅनेल उघडल्याशिवाय कोणत्याही मेकॅनिकलाही तो देता येणार नाही.

गॅसविषयी मात्र मी स्पष्टपणे लिहितो. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून, नळी जोडून, निर्वात करून मगच मोजून गॅस भरायचा असतो. गळतीचा उल्लेखही न करता गॅस भरला गेला असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, अंदाज होता, आणि त्या कामासाठी फ्रिज बंद राहिला तेवढ्या वेळात बर्फ वितळल्यामुळेच पुढचे दहा-बारा दिवस बरे गेले असावेत. चुकीच्या निदानापायी ग्राहकाचा हक्क खर्ची पडावा, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून ती फेरी आपल्या मर्यादेत धरू नये, अशी मागणी आपण अवश्य करावी.

पुढच्या फेरीपूर्वी फ्रिज बंद करू नका आणि बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडले तर तेच कारण दाखवून दुरुस्ती नाकारली जाईल. खालच्या मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून चार दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान टिपा आणि वेळेसह छायाचित्रे घ्या. तिथे साधारण ४ अंश सेल्सिअस अपेक्षित असते. आकडा सतत ८ अंशांच्या वर राहिला, तर ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य टिकणार नाही. मेकॅनिक आल्यावर पॅनेल उघडून दाखवण्यास सांगा, आत बर्फ असल्यास छायाचित्र घ्या, आणि काय तपासले, काय आढळले हे जॉबशीटवर (मेकॅनिकच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

आता दाद कोणाकडे मागायची ते पाहू. योजनेच्या कागदावर ‘दुरुस्तीची जबाबदारी’ कोणी घेतली आहे, त्याचे नाव शोधा. काही योजनांत ते दुकानदाराचेच असते, काहींत विमा कंपनीचे किंवा तिसऱ्याच सेवा-संस्थेचे. पैसे दुकानात भरले म्हणून जबाबदार दुकानदारच, असे नेहमी नसते. जे नाव असेल त्यालाच लेखी पत्र पाठवा आणि प्रत दुकानदाराला द्या. तिन्ही फेऱ्यांच्या तारखा देऊन ही तीन तक्रारी नसून न सुटलेली एकच तक्रार आहे, असे ठामपणे मांडा. दुरुस्ती किती दिवसांत होईल आणि नकार असल्यास तो कोणत्या कलमाखाली आहे, हे लेखी मागा. तोच दोष ठरावीक वेळा उद्भवल्यास फ्रिज बदलून देण्याचे किंवा घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून रक्कम परत करण्याचे कलम काही योजनांत असते, तेही तपासा.

कॉम्प्रेसरवरची कंपनीची दीर्घ मुदतीची वॉरंटी येथे कामाची नाही, कारण ती बहुधा त्या एका भागापुरतीच असते. आणि कितीही कंटाळा आला तरी लेखी परवानगीशिवाय बाहेरच्या मेकॅनिककडून फ्रिज उघडून घेऊ नका. बहुतेक योजना त्याच कारणाने रद्द होतात. लेखी नकार आलाच, तर तो नकार, बिल, जॉबशीट आणि तापमानाची नोंद घेऊन जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येईल. तोवर खालचा कप्पा रिकामा ठेवावा, पण फ्रिज चालूच राहू द्यावा.