शिष्य घडवायचेत ना? मग आधी थोडा वेळ मोकळा कर

अरे, तू विचारलंस की मनापासून इच्छा असून शिष्य घडवायचं, म्हणजे एखाद्याला येशूच्या मागे चालायला शिकवायचं, काम का होत नाही, तर खरं सांगू का, मोठं पाप क्वचितच आड येतं, आड येतात ती रोजची बारीकसारीक कामं. फोन तर आहेच, सकाळी वचन वाचायला हातात घेतो आणि अर्धा तास मेसेजमध्ये जातो. रात्री दुसऱ्या खोलीत ठेव, छापील बायबल वाच, झालं.

जास्त सांभाळायचं ते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामांपासून. मी कित्येक वर्षं खुर्च्या, साउंड, मीटिंगा, गाण्याची प्रॅक्टिस यात इतका गुंतलो होतो की एक तरुण दर रविवारी मागच्या बाकावर एकटा बसायचा, उपासना संपली की जरा रेंगाळायचा, आणि मी वायर गुंडाळत "पुढच्या आठवड्यात बोलू हं" म्हणायचो. एक दिवस तो यायचाच थांबला. ते अजून मनाला लागतं. बायबलमधल्या लूक १० मधली मार्था वाच, बहीण येशूचं ऐकत बसली आणि ही पाहुणचारातच गुंतली, तिचं कामही चांगलंच होतं.

मार्क ३:१४ मध्ये येशूने बारा जणांना नेमलं ते आधी त्याच्यासोबत राहायला, मग संदेश द्यायला. म्हणून एकच माणूस निवड, आठवड्यातला एक तास ठरव, मार्कचा अर्धा अध्याय सोबत वाचा, त्याला प्रश्न विचारू दे, उत्तर आलं नाही तर शोधून सांगतो म्हण. आणि "मी अजून तयार नाही" म्हणू नकोस, मत्तय २८:१७ बघ, तिथेही काही शिष्यांच्या मनात शंका होतीच, तरी शिष्य घडवायची आज्ञा येशूने त्यांनाच दिली. या आठवड्यात कोणाला भेटतोस ते कळव मला, मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो.