एकच हॉप, आणि ८ टक्क्यांचं छप्पर

गो बाय,

तुझी रेसिपी वाचली. घरच्या पडवीत हा उद्योग न मांडता ब्रुअरीच्या मालकांकडून २० लिटरची चाचणीची भांडी मागून घेतलीस, हे फार बरं केलंस. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरीसुद्धा बिअर बनवता येत नाही. आणि वेंगुर्ल्यात माल्ट उकळायला ठेवलं की वास चार घरं सोडून जातो, तेव्हा गुपचूप तर काहीच होणार नाही.

रेसिपीबद्दल मात्र भांडायचं आहे. वर ‘सिंगल हॉप डबल आयपीए’ लिहिलंस, म्हणजे एकाच जातीच्या हॉपची (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलाची) जास्त कडक, कडवट बिअर, आणि खाली काय? सुगंधाला मोझॅक आणि कडवटपणाला मॅग्नम असे दोन हॉप, तीन तऱ्हांचे क्रिस्टल माल्ट, क्वाइक यीस्ट, शेवटी हापूसचा रस. ताज्या बांगड्याला हळद, मीठ आणि तिरफळ पुरतं, हे तुला मी सांगायला नको.

सुरुवात कर ८ या आकड्यापासून. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या वर्गीकरणात डबल आयपीए ७.५ ते १० टक्के अल्कोहोलची. आपल्याकडे एफएसएसएआयच्या मानकांत स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांवर जात नाही. म्हणजे उद्या ही बिअर ब्रुअरीत विकायला नळावर चढवायची असेल तर तुझ्या हातात अर्धा टक्का आहे, ७.५ ते ८. तू मूळ घनता (आंबण्याआधीच्या गोड पाण्याची; त्यातली साखर आंबते तशी ती उतरते) १.०८० धरलीस, ती इथेच बाद झाली. १.०७० ला सुरू कर आणि १.०११ ला थांबव, ७.७ टक्के येतात. भांड्यांची कार्यक्षमता, म्हणजे माल्टमधली किती साखर पाण्यात उतरते ती, ७० टक्के धरली तर २० लिटरला ६ किलो पेल माल्ट आणि साधारण ३५० ग्रॅम साधी साखर लागेल. साखरेला नाक मुरडू नकोस. ती पूर्ण आंबते, अंग हलकं ठेवते, आणि अंग हलकं राहिलं तरच हॉप्स जाणवतात. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६५ अंशांना. क्रिस्टल माल्ट सगळे काढ. त्यांचा टॉफीसारखा गोडवा हॉप्सच्या अंगावर बसतो. रस घातलास तर त्यातली साखर आंबून ८ चं छप्पर फुटेल, आणि आंबताना हापूसचा वास बराचसा उडून जाईल. मे महिन्यात हापूस नुसता खावा.

हॉप तोच ठेव, मोझॅक. मला स्वतःला सिम्को जास्त आवडतो. पेन्सिल्व्हेनियातल्या वेयरबाखर ब्रुअरीनं एकट्या सिम्कोवर ९ टक्क्यांची डबल आयपीए करून दाखवली आहे. पण मोझॅक सिम्कोचंच लेकरू आहे, २०१२ मध्ये बाजारात आलेलं. त्याला आंबा, ब्लूबेरी, चीड असे बरेच वास आहेत, त्यामुळे एकटा असूनही तो कंटाळवाणा होत नाही. आंब्याचा वास तुला हवाच होता. मायर्सीन हे तेल हॉप्समध्ये असतं आणि आंब्याच्या सुगंधातही असतं. रसाचं काम हॉप करील.

मॅग्नम का नको? उकळीत तो कुठे कळणार, असं तू म्हणशील. थोडं खरं आहे. पण मोझॅकचा कडवटपणा कसा लागतो हे कळून घेण्यासाठीच तर ही बॅच आहे. मोझॅकमध्ये अल्फा अॅसिड साधारण १२-१३ टक्के असतं, कडवटपणाला ते भरपूर झालं. १३ टक्के धरले तर ६० मिनिटं उकळलेले ४० ग्रॅम, टिन्सेथच्या सूत्रानं, सुमारे ५० आयबीयू (कडवटपणाचं एकक) देतात. मधल्या २०-१५ मिनिटांच्या मात्रा मी घालत नाही. तिथे ना पुरता कडवटपणा मिळतो, ना सुगंध टिकतो. गॅस बंद कर, वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) ८० अंशांवर आण, मग १०० ग्रॅम घालून २० मिनिटं फिरू दे. एकूण ६५ ते ७५ आयबीयूच्या आसपास जाशील.

ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये घालायचा हॉप, तू ३०० ग्रॅम लिहिलंस. निम्मं कर. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅस्केड हा हॉप घेऊन झालेल्या, २०१८ च्या अभ्यासात लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे सुगंध फारसा वाढला नाही, पाल्यासारखा आणि चहासारखा वास मात्र वाढला. मोझॅक वेगळा हॉप आहे, तरी पहिल्या खेपेला १६० ग्रॅम पुष्कळ. पाकीट आलं की आधी त्यावरचं पिकाचं साल बघ. कुरिअरच्या गाडीत उन्हात पडून राहिलेल्या हॉप्सना जुनाट चीजसारखा वास येतो. तसा आला तर वजनही करू नकोस, परत पाठव.

आता कोकणातल्या अडचणी. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सौम्य असतं, आयपीएला ते छान. २० लिटरला ८ ग्रॅम जिप्सम घातलंस की सल्फेट सव्वादोनशे पीपीएमपर्यंत जाईल आणि कडवटपणाला धार येईल. पण किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ती चव जिप्समनं जात नाही. त्या दिवसांत आरओचं पाणी घे आणि जिप्समचा हिशेब नव्यानं मांड.

वॉर्ट थंड करताना खरी गंमत आहे. नळाचं पाणीच २८ अंशांचं, मग चिलर वॉर्टला १९ वर नेणार कसा? बंदरावरच्या कारखान्यातून बर्फाची अर्धी लादी आण, टबात फोड, आणि ते पाणी छोट्या पंपानं चिलरमधून फिरव. बर्फ मासळीचा आहे, वॉर्टला त्याचा थेंबही लागता कामा नये.

क्वाइक तू उकाड्यामुळे निवडलंस, ते समजतं. ते ३५ अंशांतही खुशाल काम करतं. पण व्हॉस जातीचं क्वाइक स्वतःचा संत्र्याचा वास सोडतं; मग आंबा मोझॅकचा आणि संत्रं यीस्टचं, हे तुला वेगळं करता येणार नाही. यूएस-०५ या यीस्टची दोन पाकिटं घे, फ्रिजला तापमान नियंत्रक लाव, १९ अंश ठेव. पावसात बत्ती जाणारच, तेव्हा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फ्रिजात असू देत.

एक धोका ड्राय हॉपनंतरचा. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न आंबवता येणाऱ्या पिष्टाची) साखर करतात आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. १.०११ ची बिअर १.००८ वर आली की अल्कोहोल ८.१ टक्के, म्हणजे छपराबाहेर. तीच बिअर घाईनं बाटलीत भरलीस तर बाटली फुटेल. म्हणून ड्राय हॉप घातल्यावर रोज घनता मोज; दोन दिवस आकडा हलला नाही तरच पुढे जा. थोडी बिअर झाकून गरम पाण्यात २० मिनिटं ठेव आणि हुंग. लोण्याचा वास आला तर यीस्टला आणखी दोन-तीन दिवस दे. घनता १.००९ च्या खाली चालली तर पुढच्या खेपेला साखर १०० ग्रॅमनं कमी कर, बाकी कशालाही हात लावू नकोस.

डबल आयपीए हा प्रकार १९९४ मध्ये विनी सिलुर्झोनं कॅलिफोर्नियात, ब्लाइंड पिग ब्रुअरीत, पहिल्यांदा काढला. जुनाट भांड्यांतले दोष झाकले जावेत म्हणूनही त्यानं हॉप्स वाढवले होते. तू मात्र भांडी नीट घास.

पाकिटावरचा अल्फाचा आकडा आणि विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट हाती आला की मला कळव. ६० मिनिटांचे ४० ग्रॅम त्यावरून कमीजास्त करू.

तुझा,
काका