खालचा आवाज कुणाला द्यायचा

प्रिय,

जूनपासून तू साताऱ्यातल्या शाळेत मरिंबाचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या आफ्रिकी वाद्याचा, गट बांधणार, हे वाचून फार बरं वाटलं. वाद्यं सात आणि मुलं चाळीस, जमवायचं कसं, असं तू विचारलं आहेस. त्याआधी एक गोष्ट ठरव: बास, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांचा मरिंबा, कुणाला द्यायचा?

बासला वाजवायला तीन-चारच स्वर असतात, म्हणून तो हमखास सगळ्यात कच्च्या मुलाच्या गळ्यात पडतो. गट मोडतो तो इथंच. लेझमीत हलगी डळमळली की अख्ख्या रिंगणाचे पाय चुकतात ना, तसंच हे. शेजारी कितीही गोंधळ झाला तरी जे मूल घाई करत नाही, लय सोडत नाही, त्याला बास दे. सोप्रानोवर, म्हणजे सगळ्यात वरच्या स्वरांच्या मरिंबावर, चपळ हाताचं कुणीही चालतं.

पहिल्या चार तासिका काठ्या कपाटातच राहू देत. सहा मात्रा मोजायच्या. अर्ध्या वर्गाने १ आणि ४ वर टाळी द्यायची, उरलेल्यांनी १, ३, ५ वर. मोजत बसलं की मुलं अडखळतात, म्हणून तोंडात बोल दे: ‘ये पटकन’. ‘ये’वर दोघांची टाळी, ‘प’वर दुसऱ्या गटाची, ‘ट’वर पहिल्याची, ‘कन’वर पुन्हा दुसऱ्याची. दोनाशी तीन अंगात मुरले की या संगीताचं निम्मं काम झालं. मग गटांची अदलाबदल कर. ती न अडखळता झाली तरच काठ्या काढ.

चाळीस जणांचा हिशेब असा. प्रत्येक वाद्यावर एक वाजवणारा आणि त्याच्यामागे चौघं, तोच भाग मांडीवर वाजवणारे. हे झाले पस्तीस. उरलेली पाच मुलं होशोवर, म्हणजे खुळखुळ्यांवर. दर तीन मिनिटांनी मागचा पुढे येईल. मांडीवर नीट वाजवलेलं मूल वाद्यावर पहिल्याच फेरीत बसतं.

लय पळणारच. सोप्रानोत स्वर दाट, हात जोरात पडतात, आणि जोर वाढला की वेग वाढतो. अशा वेळी तू टाळ्या देऊन सावरू नकोस, मुलं तुझ्याकडे बघायला लागतात आणि बास ऐकणं सोडतात. बास आणि होशो चालू ठेव, बाकीचे थांबव. आवर्तन दोनदा जाऊ दे, मग एकेकाला समेवर आत घे.

काठी अंगठा आणि तर्जनीत सैल धरायची. टोला पडताच ती उसळून वर आली पाहिजे, दाबून धरली की नाद तिथंच मरतो. टोला पट्टीच्या मध्यावर, दोरीवर कधीच नाही. बासला मोठ्या, मऊ रबरी गोळ्याचीच काठी हवी. कडक काठीने नुसता टकटक आवाज येतो आणि पट्टीलाही इजा होते.

सुताराकडून पट्टी करून घेणार असशील तर दोरीची भोकं दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२.४ टक्क्यांवर येतात. ४० सेंटिमीटरच्या पट्टीला ९ सेंटिमीटरवर. पट्टी फोमवर ठेव, मीठ भुरभुर आणि मध्यावर हलके ठोकत राहा. मीठ सरकून जिथं आडवी रेघ धरेल, तिथंच भोक. खालून मध्यावर तासलं की स्वर उतरतो, टोकं तासली की चढतो. म्हणून आधी स्वर जरा चढाच ठेवायचा. पट्ट्यांखाली नाद वाढवायला ज्या नळ्या लावतात, त्यांना शेतीच्या दुकानातला पीव्हीसी पाइप चालतो. पेटीवरच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी १ साठी, एक तोंड बंद करून, साधारण ३१ सेंटिमीटर. खालच्या सप्तकाला सुमारे दुप्पट.

मरिंबाची ही घडण झिंबाब्वेतल्या बुलावायोच्या क्वानोंगोमा महाविद्यालयात १९६० च्या दशकात रुजली. मुलांना ते गाव नकाशावर दाखव. पट्ट्या पेटीच्या पांढऱ्या स्वरांच्या, शिवाय एक तीव्र मध्यम. त्यामुळे सा पांढरी ५ वर नेला तरी सगळे शुद्ध स्वर मिळतात. प्रार्थनेची चाल बसवताना हे कामी येईल. नळीला भोक पाडून पातळ पडदा लावतात, त्याने स्वराला झणझण येते. ‘वाद्य बिघडलंय’ म्हणून कुणीतरी तो काढून टाकेल. त्याला मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ऐकव, लगेच कळेल.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, जड होतं, स्वर उतरतात. जुलैत तासणी काढू नकोस, ऊन पडेपर्यंत थांब. वाद्यं फरशीवर नको, फळ्यांवर ठेव.

होशोत तिकडे कर्दळीच्या बिया भरतात. शाळेच्या नळाजवळ कर्दळ असेल तर काळ्या, टणक झालेल्या बिया आत्ताच गोळा करायला लाव. वाळलेल्या दुध्यात त्यांचा जो कोरडा, धारदार आवाज येतो, तो खड्यांनी येत नाही.