कोफी, ताप आणि सासूबाई

प्रश्न : मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही घानात, आक्राला आलोय, मुलगा साडेतीन वर्षांचा. मलेरियाच्या धास्तीने मी त्याला खाली खेळायलासुद्धा सोडत नाही, आणि अंग जरा गरम लागलं की पॅरासिटामॉल देते आणि दोन दिवस बघते. डिसेंबरमध्ये भारतात जायचंय. अजून एक, कामाला येणारी मावशी त्याला कोफी म्हणते, कारण काय तर तो शुक्रवारी जन्मला. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि त्यांचा पाराच चढला. मावशीला कसं सांगू?
– एक आई, आक्रा

उत्तर : अहो ताई, दिवसा कोंडून काय मिळणार, मलेरियाचा डास चावतो तो अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. दुपारी रिपेलंट लावून खुशाल खेळू दे (डेंग्यूचा डास दिवसाही असतो), संध्याकाळी मात्र वेळेत घरात, आणि रात्री औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. एसी आहे मग मच्छरदाणी कशाला असं बरेच जण म्हणतात, पण लाइट गेले की, म्हणजे तिकडचं ते डुमसोर, खिडक्या उघडताच ना तुम्ही?

घाबरायचंच तर त्या दोन दिवस बघण्याला घाबरा. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, लहान मुलांमध्ये तो फार पटकन बिघडतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, रॅपिड टेस्टचा निकाल अर्ध्या तासात मिळतो, निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर परत टेस्ट. डिसेंबरमध्ये सहाराची धूळ घेऊन हरमॅटन वारा येतो, ओठ फुटतात, खोकला होतो, ते ठीक, पण ताप त्याच्यावर ढकलू नका. भारतात पोचल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना आधी सांगायचं की आम्ही घानातून आलोय, नाहीतर व्हायरल म्हणून दिवस जातात.

आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मुलाचंसुद्धा हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको. ते नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, सूट फक्त अगदी तान्ह्या बाळांना.

आता कोफी. मावशीला काहीही सांगू नका! घानातल्या अकान लोकांत मुलाला जन्मवाराचं नाव मिळतंच, आणि तुमच्या पोराला ते देतेय म्हणजे तिने त्याला आपलं मानलंय. सासूबाईंना सांगा, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नानही शुक्रवारचेच. त्यापेक्षा पोराला डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही हे शिकवा, तिथे ते खरंच खटकतं. तरी सासूबाई ऐकत नसतील तर त्यांचाच जन्मवार विचारून घ्या, बुधवार निघाला तर मावशीच्या हिशोबाने त्या अकुआ.