‘लवकर सापडलं ना, मग झालं तर!’

प्रिय पोरी,

काल रात्री तुझा मेसेज आला, ‘ताई, स्तनाच्या कॅन्सरचं नुकतंच ऑपरेशन झालेल्या त्या बाईंचा नंबर घेतलाय खरा, पण त्यांना फोन करून बोलू काय?’ उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं. पण फोनवर मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? लिहिताना निदान खोडता येतं.

माझं ऑपरेशन झालं त्याला आता चौदा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी मी पलंगाच्या कडेला बसले होते. काखेखालून एक नळी बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी गोळा करणारी बाटली. उठून बाथरूमपर्यंत जायचं होतं, पण जमेना. एक हात वर होत नव्हता, दुसऱ्याने गाऊन सावरायचा, आणि बाटली सोडली की तिच्या वजनाने नळी ओढली जायची. शेजारच्या पलंगावरची बाई हे बघत होती. ती हळूहळू उठली, स्वतःच्या गाऊनची जादाची सेफ्टी पिन काढली, बाटलीच्या कडीत ओवली आणि माझ्या गाऊनला कमरेशी लावून दिली. ‘नळीला पिन टोचायची नाही, कडीत घालायची,’ एवढंच म्हणाली आणि परत जाऊन पडली. तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिच्याही कुशीला तशीच बाटली लटकत होती.

तू लिहिलंयस, ‘त्यांना धीर द्यायचाय.’ त्या भानगडीत पडू नकोस. धीर देणाऱ्यांची तिच्या दाराशी सध्या रांग लागलेली असणार. पिन कुठे लावायची हे सांगणारं मात्र कुणी नसेल.

आणि त्या रांगेतला जो तो एकच वाक्य घेऊन येतो. ‘लवकर सापडलं ना, मग झालं तर!’ वाक्य खोटं नाही. आजार स्तनापुरता किंवा काखेतल्या एखाददुसऱ्या ग्रंथीपुरता असताना हाती लागला, तर बहुतेक जणी बऱ्या होतात आणि पुढे वर्षानुवर्षं जगतात. पण ते वाक्य ऐकणारीपेक्षा बोलणाऱ्याच्या जास्त सोयीचं आहे. ते एकदा म्हटलं की विषय मिटतो. जिला ऐकवलं ती मात्र गप्प होते, कारण आता घाबरायलासुद्धा तिच्याकडे कारण उरलेलं नसतं. रात्री तीनला जाग आली तर उठवायचं कुणाला? आणि उठवून सांगायचं काय? ‘नशीबवान आहेस’ असं सगळ्यांनी बजावल्यावर?

तुला तुझं आठवतं का? रेडिएशनच्या रांगेत तू कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसायचीस. शेजारी तिसऱ्या, चौथ्या स्टेजच्या बायका. तू मला म्हणाली होतीस, ‘ताई, मला इथे रडायची लाज वाटते.’ जास्त आजारी असलेल्यांत आपण उपऱ्या आणि धडधाकट माणसांत तर उपऱ्याच. मला केमो लागली नव्हती, त्यामुळे केस शाबूत. लोकांनी धरूनच चालवलं की हिला विशेष काही झालेलं नाही. मीही मग तसंच दाखवत राहिले, आणि त्याची किंमत पुढे दोन वर्षं झोपेत मोजली.

तुझ्या फोनचा उपयोग इथे आहे. त्या फोनवर हे वाक्य येता कामा नये. ती म्हणाली, ‘भीती वाटते,’ तर तिला तिथेच थांबू दे. आपल्याला शांतता सहन होत नाही, म्हणून आपण तोंडाला येईल ते बोलून मोकळे होतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोज हवं तर.

आता माझी चूक सांगते. सांगायला आवडत नाही, पण तुझ्या हातून होऊ नये म्हणून. अशीच एक बाई, स्टेज माझीच, गाठीचं मापही जवळपास माझ्याइतकंच. मला हुरूप आला. मी म्हटलं, ‘माझंही अगदी हेच होतं. मला केमो लागलीच नाही, तुलाही नाही लागणार बघ.’ दहा दिवस ती त्या वाक्यावर जगली. मग पुढचा रिपोर्ट आला, हर-टू पॉझिटिव्ह, गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जादा. म्हणजे केमो, आणि त्याच्या जोडीला वर्षभर दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा तिला डॉक्टर खोटे वाटले, मग मी. त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही.

स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय एवढंच. तो कोणत्या जातीचा आहे हे हॉर्मोन रिसेप्टर (पेशींवरची हॉर्मोन पकडणारी प्रथिनं) आणि हर-टू सांगतात, आणि औषधं ठरतात ती या सगळ्याचा मेळ घालून. दोन बायकांची स्टेज एकच असूनही एकीला पाच ते दहा वर्षं गोळी आणि दुसरीला सहा महिने केमो, असं सर्रास होतं. गाठ काढणं आणि पूर्ण स्तन काढणं यातही तेच. सुरुवातीच्या टप्प्यात गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्यमान तेवढंच राहतं, हे अमेरिका आणि इटलीतल्या वीस-वीस वर्षांच्या पाहणीतून 2002 मध्ये स्पष्ट झालं. म्हणून ‘तू सगळं का काढलंस?’ किंवा ‘तू सगळं का नाही काढलंस?’ हे दोन्ही प्रश्न तोंडातून निघू देऊ नकोस. तिने डॉक्टरांशी बोलून ठरवलंय, विषय संपला. रिपोर्टला रिपोर्ट लावून बघायची खोड आपल्या सगळ्यांना असते. ती आवर.

हा शहाणपणा माझा नाही. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर या बाईंचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. घरी जाऊन कसं वागायचं, हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे हे त्यांना कुणीही सांगितलं नाही. मग बरं झाल्यावर त्या स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ उभं राहिलं, 1969 पासून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते चालवायला घेतलं आणि पुढे ते देशोदेशी गेलं. भेटायला जाणाऱ्या बायका हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि चेंडू घेऊन जायच्या. त्यांना एक नियम मात्र कडक होता, औषधोपचाराचा सल्ला द्यायचा नाही. तू दोरी आणि चेंडूवाली आहेस, एवढं लक्षात ठेव.

या नियमाला माझ्या मते अपवाद एकाच प्रकारचा, ज्या माहितीची वेळ टळून जाते तिचा. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेव्हा कमी असतात, त्याच क्षणी हॉस्पिटलला कळवायचं. तुला कुणी तरुण मुलगी भेटली आणि तिला मूल हवं असेल, तर बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याबद्दल केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारायला सांग. तुला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही, मीही नाही. कुणी सांगितलेली काढ्याची किंवा पुड्यांची गोष्ट निघाली, तर वाद घालू नकोस, फक्त ‘डॉक्टरांना दाखवून मग घ्या’ म्हण. बाकी ‘मी काय करू?’ असं तिने विचारलं, तर तिचे प्रश्न कागदावर उतरवायला मदत कर आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायला लाव. तिची इच्छा असेल तर तपासणीला सोबत जा. दोघींचे चार कान. एकटीचे दोन कान ‘कॅन्सर’ शब्दानंतर बंदच असतात.

सोबत म्हणजे अमृत, असंही समजू नकोस. विकी हेल्गेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1999 मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या 312 बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही गटांना आठ आठवडे आजाराची नीट माहिती दिली, काही गटांत बायकांनी एकमेकींशी नुसतं बोलायचं होतं. माहिती मिळालेल्यांना फायदा झाला. नुसत्या बोलण्याचा सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांना घरून, नवऱ्याकडून आधार नव्हता त्यांना बोलण्याने बरं वाटलं, आणि ज्यांना घरी भरपूर आधार होता त्या उलट थोड्या खालावल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग आमचाच गट आठवला. एकदा एकीने आपल्या केमोचं वर्णन तासभर केलं, आणि समोर बसलेल्या मुलीचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी होता.

म्हणून पहिल्या फोनवर आधी हे काढून घे की तिच्या घरी कोण आहे आणि ते कसं आहे. नवरा, बहीण, मैत्रीण, कुणी खंबीर असेल तर तू आठवड्यातून एकदाच कर फोन, आणि नेमक्या कामाचा. एकटी असेल तर जास्त. ‘मला नको आता’ असं ती म्हणाली तर मनाला लावून घेऊ नकोस. आणखी एक. ‘गटात गेलं की आयुष्य वाढतं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नकोस. आजार शरीरात इतरत्र पसरलेल्या बायकांबद्दल 1989 मध्ये तसा एक निष्कर्ष निघाला होता. 2001 च्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण जास्त खचलेल्या बायकांचं मन हलकं झालं, वेदनेचा जाच कमी झाला. मला तेवढं पुरेसं वाटतं.

मग बोलायचं काय? छोटं बोल. ड्रेनमध्ये आज किती मिली आलं ते वहीत लिहिलं का? झोपताना हाताखाली उशी घेते का? पुढून बटणं असलेले कपडे आहेत का? केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, ते गळण्याआधी बारीक कापायचे की नाहीत, हे तिने ठरवलंय का? आणि भिंतीचा व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलं की भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं एकेक पाऊल टाकल्यासारखी वर चढवायची. माझ्यासोबत ऑपरेशन झालेल्या एकीने आणि मी आपापल्या घरी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची ठरवलं. पहिल्या दिवशी माझी रेघ खांद्याच्याही खाली. रोज संध्याकाळी एकच वाक्य फोनवर, ‘आज किती?’ ‘दोन बोटं.’ ‘माझं कालच्याच जागी.’ आजाराबद्दल अवाक्षर नाही. महिन्याभराने ती रेघ डोक्यावर गेली तेव्हा आम्ही दोघी फोनवर बेदम हसलो, का ते विचारू नकोस. घराला दोनदा रंग दिला, पण दाराआडचा तेवढा पट्टा मी रंगवू दिला नाही.

हाताचं निघालंच आहे तर सांगते. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, म्हणून पूर्वी जड काम, जोराचा व्यायाम सगळं बंद करायला सांगत. 1996 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या चोवीस बायकांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं. हात सुजले नाहीत, आणि पुढे जगभर अशा बायकांचे संघ निघाले. मला त्यातली बसायची पद्धत फार आवडते. दोघी-दोघी शेजारी, सगळ्यांची तोंडं पुढे. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, वल्ही मात्र एका ठेक्यात पडायला हवीत. समोरासमोर बसून मन मोकळं करणं सगळ्यांना झेपत नाही. तुझ्या त्या बाई न बोलणाऱ्या निघाल्या तर त्यांच्यासोबत चालायला जा.

एक अवघड गोष्ट उरली. कधीतरी आपल्यातल्या एकीचा आजार परत येईल. तेव्हा बाकीच्या जणी हळूच लांब सरकतात. मीही सरकले होते, तिच्यात मला माझा पुढचा रिपोर्ट दिसायचा. पंधरा दिवसांनी गेले तर ती म्हणाली, ‘तू घाबरलीस ना? मीपण तुझ्या जागी हेच केलं असतं.’ तेव्हा तू घाबरलीस तर माझ्याकडे ये, पण तिचा फोन बंद करू नकोस. आणि एखाद्या दिवशी तुलाच हे सगळं नको झालं, तपासणीची तारीख जवळ आली आणि दुसरीचं दुखणं ऐकवेना, तर सरळ सांग की या आठवड्यात मला जमणार नाही. दुसरी कुणीतरी करेल. चारजणी असण्याचा उपयोग तोच.

तर गुरुवारी त्या बाईंचा ड्रेन काढणार आहेत. काढताना क्षणभर खेचल्यासारखं होतं, फार नाही. बुधवारी संध्याकाळी फोन कर आणि तेवढं सांग. पेन्सिलीचं मात्र डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितल्यावर. आणि झाल्यावर मला मेसेज टाक, मी जागीच असते.

तुझी,
ताई