पंख नसलेला डोंगरी क्लिक बीटल सापडला, आता ओळख कशी पटवायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. म्युनिकहून स्लोव्हेनियात ट्रेकला गेला होतात, बीच नावाच्या झाडांच्या जंगलात दगडाखाली एक मेलेला भुंगेरा सापडला, अ‍ॅपने क्लिक बीटलचं (टिक असा आवाज करत उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांचं) कुळ सांगितलं, तुम्ही टाचणीने वरची कवचं उचलून बघितलीत तर खाली उडायचे पंखच नाहीत. मग ही नवीन प्रजाती आहे का, आणि तीन ठिकाणी शोधलं तर पोटकुळाचं नाव तीन वेगळं का दिसतं?

नवीन बहुतेक नाही. फोटोत जी अंडाकृती, फुगीर पाठ दिसतेय आणि खांदे उतरलेले दिसतायत त्यावरून माझा पहिला अंदाज डिमा हा जीनस (म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट), आणि स्लोव्हेनियात डिमा म्हटलं की पहिलं नाव डिमा एलाटेरॉइडिस. पण हा अंदाजच, का ते खाली सांगतो. (मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, पण आपण सगळे बोलताना स्पीशीजलाच प्रजाती म्हणतो, मीही तसंच लिहितोय, जीनसला जीनसच म्हणतोय.)

नावापासून सुरू करू. १८२५ मध्ये शार्पांतिए या कीटकतज्ज्ञांनी हा जीनस आणि ही प्रजाती एकत्रच वर्णन केली. एलाटेरॉइडिस म्हणजे एलाटरसारखा दिसणारा. एलाटर हा लिनीयसने १७५८ मध्ये केलेला जीनस, कुळाचं एलाटेरिडी हे नाव त्याच्यावरूनच आलं. म्हणजे खुद्द एलाटरच्या कुळातल्या किड्याचं नाव "एलाटरसारखा" असं पडलं आणि दोनशे वर्षं तेच चालू आहे, कारण नाव अर्थाने बरोबर आहे की नाही हे नियमात बघतच नाहीत, आधी कोणी दिलं तेवढंच बघतात. अजून एक गोष्ट बघा, नावापुढे शार्पांतिए, १८२५ असं कंसाशिवाय लिहितात. कंस नाही याचा अर्थ प्रजाती ज्या जीनसमध्ये जन्मली त्याच जीनसमध्ये अजून आहे. न्यूझीलंडचा अमायकस ग्रॅन्युलेटस हाही न उडणारा क्लिक बीटल, तो ब्राउन यांनी १८८३ मध्ये सोरोक्रोआ या वेगळ्या जीनसमध्ये टाकला होता, पुढे कळलं की हा तर पॅस्को यांचा १८७६ चा अमायकसच, जुनं नाव टिकलं आणि ब्राउन यांचं नाव कंसात गेलं. एवढ्याशा कंसात अख्खी हकिगत असते, म्हणून कॉपी करताना तो गाळू नका.

आता पोटकुळाचा घोळ. बेल्जियमचे कांदेझ यांनी १८५७ ते १८६३ या काळात क्लिक बीटलवर चार खंड लिहिले, डिमाचा वेगळा गट त्यांनीच केला, तो आज डिमिनी म्हणून ओळखला जातो. गट पक्का राहिला, त्याच्या वरची पेटी मात्र बदलत गेली. जुन्या पुस्तकांत डेंटिकॉलिनी दिसेल, कुठे अथोइनी दिसेल, आताचे लोक डेंड्रोमेट्रिनी लिहितात कारण ते नाव १८४८ चं म्हणजे जास्त जुनं. तुमच्या तीन ठिकाणांत भांडण नाहीये, तीन वेगवेगळ्या काळातली पुस्तकं समोर ठेवून लिहिलंय इतकंच. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या विद्यापीठातले कुंद्राता आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये डिमिनीचा टिपणांसह कॅटलॉग काढलाय, तो धरून चाला. या गटातल्या बहुतेक प्रजाती आशियातल्या आहेत, हिमालयातला पेनिया हा जीनस डिमाचा भाऊबंदच, म्हणजे आपल्याकडच्या लोकांनाही हा विषय अगदी परका नाही.

पंख नाहीत म्हणून वेगळं काहीतरी आहे असं वाटणं साहजिक आहे, पण फसायला होतं ते इथेच. पंख गेले की उडायचे स्नायू जातात, ते असतात छातीच्या मागच्या भागात, मग तो भाग आखूड होतो, खांदे उतरतात, वरची कवचं फुगीर होतात आणि कधीकधी मधल्या शिवणीवर चिकटूनच जातात. हे सगळं एकाच कारणाने होतं, म्हणून जगाच्या दोन टोकांना, काहीही नातं नसलेल्या दोन बीटलमध्ये तसंच्या तसं दिसतं. जुन्या लोकांनी दिसण्यावर विश्वास ठेवून किती चुकीची खाती उघडली याचं मोठं उदाहरण ड्रायलस हा बीटल, ज्याच्या माद्यांना पंखच नसतात आणि अळ्या गोगलगायी खातात. त्याला स्वतंत्र कुळ दिलेलं होतं, २०११ मध्ये डीएनए बघून कुंद्राता आणि बोचाक यांनी ते कुळच मोडून क्लिक बीटलमध्ये आणलं.

क्लिकचं विचाराल तर त्याचा पंखांशी संबंध नाही. तुमचा भुंगेरा उलटा करून भिंगाखाली धरा, पुढच्या दोन पायांच्या मधून मागे जाणारी एक खुंटी दिसेल आणि तिच्यासमोर छातीच्या पुढच्या जोडात एक खळगा. खुंटी खळग्याच्या कडेला अडकते, स्नायू ताणला जातो, सुटली की टिक. हा स्नायू छातीच्या पहिल्या भागात असतो, उडायचे स्नायू मागे, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं राहतं. याच पोटकुळातल्या अथाउस हेमोऱ्हॉइडॅलिसवर १९७० च्या दशकात मोजमाप झालं तेव्हा उडी ३० सेंमीपर्यंत आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ३८० पट भरला होता.

डोंगरावर पंख का जातात यावर डार्विनपासून वाद आहे. मदेरा बेटावरच्या बीटलच्या ५५० प्रजातींपैकी २०० उडू शकत नाहीत हे त्याने १८५९ मध्ये लिहिलं आणि वाऱ्याने समुद्रात उडून जाणारे मरतात असं एक कारण दिलं. डार्लिंग्टन यांनी १९४३ मध्ये डोंगरांवरच्या आणि बेटांवरच्या जमिनीवर फिरणाऱ्या बीटलचा हिशेब मांडला आणि वाऱ्यापेक्षा जागा छोटी आणि स्थिर असण्यावर भर दिला. मला हेच जास्त पटतं, कारण जंगलाच्या पाचोळ्यात राहणाऱ्या किड्याला वारा लागतोच कुठे. तिथे अन्न तेच, ओल तीच, मग पंख आणि स्नायू पोसायचे कशाला, तेवढीच ताकद अंड्यांना.

आणि वर्गीकरणाचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो. जो उडत नाही तो दरी ओलांडत नाही. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसं या किड्यांचं डोंगरागणिक होतं, इकडचा थोडा रुंद, तिकडचा थोडा केसाळ, मग कोणी त्याला वेगळी प्रजाती म्हणतो कोणी नाही. डीएनए बारकोडिंग (जनुकाच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखणं) केलं की सुटलं असंही नाही. बारकोडसाठी सीओआय जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा घेतात, तो फक्त आईकडून येतो, आणि माद्या जागच्या हलत नसतील तर एकाच प्रजातीच्या दोन डोंगरांवरच्या टोळ्याही बारकोडमध्ये लांब पडलेल्या दिसतात. फक्त त्यावर नवीन प्रजाती जाहीर करणं मला घाईचं वाटतं, सोबत नराचं जननेंद्रिय बघितलंच पाहिजे. दिसायला सारखे असलेले क्लिक बीटल तिथेच वेगळे ओळखू येतात.

ते कसं बघायचं तर वाळलेला भुंगेरा गरम पाण्यात नरम होऊ द्या, पोटाचं टोक सुईने अलगद उघडा, आतला भाग काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात साफ करा, मग पाण्यात धुवून कार्डावर गोंदाने त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीलाच लावा, सुटा ठेवलात की हरवला. माझ्या पुण्यातल्या पेटीत एका पावसाळ्यात बुरशी शिरली, डांबरगोळ्या होत्या तरी, किड्यांचे पाय गळून पडले, पण कार्डावर लावलेले भाग आणि लेबलं शाबूत राहिली म्हणून त्या नमुन्यांचा आजही उपयोग होतो.

लेबल तर अजून महत्त्वाचं. नुसतं स्लोव्हेनिया लिहिलंत तर तो नमुना जवळजवळ वाया गेला. डोंगराचं नाव, उंची मीटरमध्ये, जीपीएस, तारीख, कशाखाली सापडला, कोणी उचलला, सगळं लिहा, आठवतंय तोवर आजच लिहा. राष्ट्रीय उद्यानातून उचलला असेल तर तेही लपवू नका, तिथे परवानगी लागते, पुढच्या वेळी फोटोच काढा. आणि कोणाला हिमालयात असा काही सापडला तर भारताबाहेर पाठवण्याआधी जैवविविधता कायदा, २००२ खालची परवानगी बघा, तपासायला आधी झेडएसआयकडे (भारतीय प्राणी सर्वेक्षण) विचारा, पुण्यात आकुर्डीला त्यांचं केंद्र आहे.

तुम्ही आता पोटाकडून एक फोटो टाका, खुंटी आणि खळगा दिसेल असा, आणि मागच्या पायांच्या मुळाचा एक क्लोजअप. नर आहे की मादी ते कळलं की पुढचं बोलू.