वाचकांचे प्रश्न: लायब्ररीतली पुस्तकं गेली कुठं?

या वेळची पत्रं जवळपास सगळी विद्यापीठाच्या लायब्ररीवरच आलीत. सूर एकच, की काहीतरी बदललंय आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. काहींचा राग अगदी रास्त आहे, काहींचा भलत्याच गोष्टीवर निघालाय. निवडक घेतलीत, बाकीच्यांना यातच उत्तर सापडेल बहुतेक.

मी निवृत्त प्राध्यापक. परवा बऱ्याच काळाने लायब्ररीत गेलो तर नियतकालिकांचे जुने बाइंड केलेले खंड होते त्या मजल्यावर सोफे, प्लग पॉइंट आणि काचेच्या खोल्या. काउंटरवर विचारलं तर म्हणे, "सर, ते सगळं ऑनलाइन आहे." सगळं? आणि कागद कुठं गेला, रद्दीत?

सर, ते "सगळं" ऐकून माझाही पारा चढतो, कारण सगळं कधीच ऑनलाइन नसतं. पण रद्दीत गेलं असं लगेच धरू नका. रॅकवरून गायब झालेल्या खंडाचं तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं, एकतर तो लांबच्या गोदामात गेला, नाहीतर रीतसर निर्लेखन होऊन दप्तरातून कमी झाला, नाहीतर दुसऱ्या लायब्ररीकडे प्रत आहे म्हणून इथली सोडून दिली. ग्रंथपालांना हेच विचारा, की दाखल नोंदवहीत, म्हणजे लायब्ररीत आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं क्रमांकाने नोंदतात त्या वहीत, या खंडांपुढे काय शेरा आहे. त्या शेऱ्यावरून नेमकं काय झालं ते कळेल.

गोदामाचं सांगायचं तर ही पद्धत काही आजची नाही. हार्वर्डने १९८६ मध्ये असं डेपो सुरू केलं आणि नंतर बऱ्याच विद्यापीठांनी तोच नमुना उचलला. तिथं पुस्तकं विषयाप्रमाणे लावतच नाहीत, आकाराप्रमाणे लावतात, म्हणजे एका उंचीची सगळी एका ट्रेमध्ये, मग कविता असो की रसायनशास्त्र, ट्रेला बारकोड, पुस्तकाला बारकोड, आणि उंचच उंच रॅक. जागा प्रचंड वाचते, थंड आणि कोरडी हवा राखलेली असते त्यामुळे जुना आम्लयुक्त कागद जास्त टिकतो, खरं तर तुमच्या त्या मजल्यावरच्या उन्हात आणि धुळीत होता त्यापेक्षा बराच सुखात राहतो. फक्त रॅकसमोर उभं राहून शेजारचं पुस्तक सहज हाती लागायचं ते संपलं. हे नुकसान खरं आहे, त्यावर कुठलाही सर्चबॉक्स पूर्ण उपाय नाही, आणि जे ग्रंथपाल म्हणतात की काही फरक पडत नाही त्यांनी स्वतः कधी रॅकसमोर तास घालवलेला नसतो.

दुसरी बाजूही सांगते. पिट्सबर्ग विद्यापीठात १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी गेली नव्हती. त्यावर तेव्हा भरपूर भांडणं झाली आणि व्हायलाच हवी होती, कारण तिथंच टेबलावर बसून वाचलेलं देवघेवीच्या आकड्यात येत नाही, आणि संशोधनाचं पुस्तक चाळीस वर्षांनी एकाच माणसाला लागलं तरी घेतल्याचं सार्थक होतं. पण तेव्हापासून जागेचा हिशोब मांडताना हा आकडा पुढे केला जातोच.

जुन्या अंकांसाठी जेस्टोर हा नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह बघा. ते १९९५ मध्ये निघालं तेच मुळी जुन्या खंडांनी अडवलेली जागा कशी सोडवायची या प्रश्नातून. त्यात बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक मात्र नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात. आणि तुम्हाला जाहिराती, मुखपृष्ठं, संपादकाची बारीक टिपणं असलं काही हवं असेल तर कागदच मागा, बाइंडिंग करताना आणि स्कॅन करतानाही हे पुष्कळदा गळतं.

मॅडम, मी पीएचडी करतेय. मागच्या सत्रात एक ईबुक लायब्ररीच्या साइटवरून वाचत होते, अर्धं झालं होतं, नोट्सही तिथंच केलेल्या. आता उघडायला गेले तर "ॲक्सेस नाही". एक जर्नलपण तसंच. लायब्ररीत विचारलं तर म्हणाले वरून बंद झालंय. वरून म्हणजे कुठून? आम्ही काय करायचं?

तुझा प्रश्न मी या वेळच्या सगळ्यात महत्त्वाचा धरते, कारण खरा बदल इथं झालाय. सोफे सगळ्यांच्या डोळ्यात येतात आणि हा येत नाही. पूर्वी लायब्ररी पुस्तक विकत घ्यायची, ते तिच्या मालकीचं व्हायचं, प्रकाशक बुडाला तरी रॅकवरचं पुस्तक कुणी काढून नेत नव्हतं. आता बरंचसं डिजिटल साहित्य भाड्याच्या घरासारखं आहे, करार असेपर्यंत राहायचं, आणि मालकाने सांगितलं की सामान उचलायचं. तुझं ईबुक बहुतेक एखाद्या मोठ्या पॅकेजमधलं असणार, त्यात हजारो पुस्तकं एकदम मिळतात पण कुठली ठेवायची हे लायब्ररी ठरवत नाही. २०२२ च्या ऑगस्टअखेर वायली या प्रकाशकाने, लायब्ऱ्यांना ईबुकं पुरवणाऱ्या प्रोक्वेस्ट कंपनीच्या अशाच एका पॅकेजमधून १३०० हून जास्त ईबुकं काढून घेतली, ऐन नवं सत्र सुरू होताना, प्राध्यापकांनी अभ्यासक्रमात लावलेली पुस्तकं होती त्यात. इतका आरडाओरडा झाला की पुढच्या महिन्या-दोन महिन्यात तात्पुरती परत ठेवावी लागली. ग्रंथपालांचा त्यात काय दोष होता? काहीच नाही, त्यांनाही उशिराच कळलं.

जर्नलचं वेगळं गणित. प्रकाशक शेकडो जर्नलं एकत्र बांधून विकतो, त्यातली थोडीच खरी लागणारी, पण सुटी घ्यायला गेलं तर परवडत नाहीत, आणि गठ्ठ्याची किंमत दरवर्षी वाढत जाते. मग एक दिवस लायब्ररी म्हणते बास. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ च्या फेब्रुवारीत एल्सव्हिअर या बड्या जर्नल प्रकाशकाशी वाटाघाटी तोडल्या, जुलैपासून नवे लेख मिळणं बंद झालं, आणि थेट मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला ज्यात त्यांच्या प्राध्यापकांचे लेख सगळ्या जगाला खुले ठेवणंही आलं. मधल्या काळात तिथलं संशोधन काही थांबलं नाही. एक कारण म्हणजे आधी पैसे भरलेले बहुतेक जुने अंक त्यांना मिळतच होते, कारण करारात तसं लिहून घेतलेलं होतं. म्हणून तू लायब्ररीला एवढंच विचार, "हे जर्नल बंद झालं, पण ज्या वर्षांचे पैसे आपण भरले ते अंक आपल्याला कायम मिळणार आहेत का?" उत्तर हो असेल तर ते उघडून द्यायला सांग, बऱ्याचदा हक्क असतो पण लिंक कुणी चालू केलेली नसते. नाही असेल तर तक्रार ग्रंथपालांकडे करू नकोस, ग्रंथालय समितीकडे लेखी कर, करारावर शेवटची सही ग्रंथपालांची नसते.

तातडीचा उपाय म्हणशील तर लेखाचं नाव तसंच्या तसं टाकून शोध, लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे लेखांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यात, बऱ्याचदा छापण्याआधीची प्रत ठेवलेली असते, अनपेवॉल नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन ती आपोआप शोधून देतं. नाहीच मिळालं तर लेखकाला सरळ मेल टाक, आपलं कुणी वाचतंय म्हटल्यावर बहुतेक लोक खुशीने पाठवतात. आणि आंतरग्रंथालयीन देवघेव ही सोय मुलं विसरूनच गेलीत, दुसऱ्या लायब्ररीतून लेखाची प्रत मागवता येते, फॉर्म भर. ईबुकमधल्या नोट्स मात्र यापुढे तिथं ठेवू नकोस, झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर साध्या वहीत ठेव. आणि हो, घाबरून शेकडो पीडीएफ एका रात्रीत उतरवू नकोस, प्रकाशकाच्या सिस्टिमला ते कळतं आणि मग तुझ्या एकटीचा नाही, अख्ख्या कॅम्पसचा ॲक्सेस बंद होतो आणि सगळे लायब्ररीच्या नावाने बोंबलत बसतात.

आमच्याकडे संदर्भ विभागात एक बाई होत्या, नुसता विषय सांगितला की तीन पुस्तकं काढून द्यायच्या. त्या रिटायर झाल्या, जागा भरली नाही. आता "चॅटवर विचारा". मशीनवर पुस्तक इश्यू होतं ते ठीकय, पण माणसं कमी का करतात?

मशीनवर इश्यू होतं याचं मला काही वाईट वाटत नाही, शिक्का मारण्यात माणसाचा दिवस घालवण्यात कसलंही ग्रंथपालन नव्हतं. पण त्या वाचलेल्या वेळात काउंटरवरच्या माणसाला वाचकाजवळ बसवायचं होतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसं न करता ती जागाच गुंडाळली, ही खरी चूक.

संदर्भ विभागात वाचक जे विचारतो ते त्याला हवं असतंच असं नाही. "इतिहासाची पुस्तकं कुठं आहेत" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या कराराची नक्कल हवी असते, ते दोन-तीन उलट प्रश्न विचारून काढावं लागतं, आणि ते त्या बाईंना येत होतं. शिवाय कॅटलॉगमध्ये नसलेलं त्यांच्या डोक्यात असणार, कुठला देणगीतला संग्रह अजून नोंदवलाच नाही, कुठला प्रबंध दुसऱ्याच्या बाइंडिंगमध्ये शिवला गेलाय. जाणाऱ्या माणसाकडून हे लिहून घ्यायला कितीसे दिवस लागतात? पण घेत नाहीत. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडून ठेवलंय की वाचकाचा वेळ वाचवा.

माणसं अगदीच कमी झालीत असंही नाही, कामं आत गेलीत. परवान्यांच्या वाटाघाटी, रिपॉझिटरी, संशोधकांचा डेटा, ऑर्किड आयडी म्हणजे संशोधकांचे ओळख क्रमांक, हे सगळं करणारे लोक आतल्या खोलीत असतात, वाचकाला दिसत नाहीत. तुम्ही एक करा, प्रश्न तोंडी न विचारता चॅटवर नाहीतर फॉर्मवर विचारा, चिडून का होईना. वर्षाला किती संदर्भ प्रश्न आले हा आकडा जागा मागताना पुढे ठेवतात, तोंडी विचारलेलं त्यात बऱ्याचदा मोजलंच जात नाही.

मी लायब्ररीत कंत्राटी सहायक आहे. सॉफ्टवेअर बदलून कोहा आणलंय. तेव्हापासून मराठी पुस्तकं देवनागरीत शोधली तर येत नाहीत, वाचक आमच्यावर ओरडतात.

दोष कोहाचा नसावा. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताना चालणार नव्हतं म्हणून १९९९ मध्ये त्यांनी ते बनवून घेतलं आणि फुकट खुलं केलं, देवनागरी त्यात व्यवस्थित चालते. तुमच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत टाइप केलेल्या असणार, नाहीतर युनिकोड ही सगळीकडे चालणारी पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये, आणि डेटा तसाच्या तसा नव्या सिस्टिममध्ये ओतला असणार. रोमनमध्ये शोधून बघा, लेखकाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा, सापडलं तर दोष नोंदींचाच हे पक्कं. मग नोंदी दुरुस्त करायच्या, आधी सगळ्यात जास्त मागणी असलेल्या, आणि रोमन नाव काढून टाकू नका, दोन्ही ठेवा. हे काम महिनोनमहिने चालतं, वरिष्ठांकडून तसं लेखी घ्या, नाहीतर पुस्तक सापडत नाही याचं खापर तुमच्यावर फुटेल. आणि बॅकअप वेगळ्या जागी ठेवायला सांगा. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग, तोही फक्त शोधण्यापुरता, परत यायला जानेवारी उजाडला.

वडिलांचा मोठा ग्रंथसंग्रह विद्यापीठाला द्यायचाय, लायब्ररी "आधी यादी द्या" म्हणते. फुकट देतोय तरी नखरे?

नखरे नाहीत. प्रत्येक पुस्तकाची नोंद, क्रमांक, जागा, वाळवीपासून सांभाळ, हे सगळं लायब्ररीच्या खिशातून जातं, आणि त्यांच्याकडे आधीच दोन प्रती असलेलं पाठ्यपुस्तक त्यांनी घ्यावं तरी कशाला. यादी करा, शीर्षक, लेखक, वर्ष, बस. वडिलांनी समासात लिहिलेलं असेल, पत्रं, हस्तलिखितं, छोट्या प्रकाशकांची पुस्तिका, जुने दिवाळी अंक असं काही असेल तर ते यादीत सगळ्यात वर टाका, त्यातच त्यांना रस असतो. आणि न लागणारी पुस्तकं ते परत देणार की पुढे कुणाला देणार हे देण्याआधीच लिहून घ्या.